मेरिंगची खुर्ची

१

खुर्च्या मांडायचं काम थर्झा पिल्चरचं. तिच्याआधी तिच्या आईचं. जुलैतल्या त्या ठरलेल्या मंगळवारी ती सकाळीच टिलहिथच्या सभागृहात जायची, फरशी पुसायची, लांब टेबलावर हिरवं कापड अंथरायची आणि किनाऱ्यावरच्या एकेका गावाची खुर्ची त्या त्या गावाच्या जागी लावायची.

थोरल्या पाच बंदरांची सभा वेगळी. तिथे तुताऱ्या, उमराव, वर्तमानपत्रवाले. ही सभा धाकट्या गावांची. एके काळी या गावांनी राजाला लढाईसाठी जहाजं आणि माणसं द्यायची आणि राजाने त्यांना कर माफ करायचा, असा करार होता. ते राजे गेले, तो करार विरला, आणि टिलहिथला तर जहाज येणंच बंद झालं, कारण समुद्रच गावाला कंटाळून दोन मैल मागे सरकला. बंदर होतं तिथे आता मेंढ्या चरायच्या. पण सभा काही बंद झाली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यातली गत. वर्षातून एकदा सगळ्या गावांचे प्रतिनिधी लाल झगे घालून यायचे, चोपदार एकेका गावाच्या नावाने हाक मारायचा, ज्याचं गाव तो "हजर" म्हणायचा, आणि मग सगळे मिळून मटण भरून भाजलेल्या 'पाय'वर तुटून पडायचे.

शेवटची खुर्ची मेरिंगची. ती टेबलाला लावायची नसे. भिंतीकडे तोंड करून ठेवायची, एवढंच आईने शिकवलं होतं. मेरिंग बुडालेलं गाव. कधी बुडालं ते शाळेत शिकवायचे आणि मुलं विसरून जायची. पण या गावांच्या संघाचा नियम असा, की एकदा आत आलेल्या गावाचं नाव बाहेर काढता येत नाही. म्हणून चोपदाराने मेरिंगलाही तीनदा हाक मारायची, सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि तिसऱ्या हाकेनंतर चोपदाराने "समुद्राकडे" म्हणून हातातली चांदीची काठी जमिनीवर एकदा आपटायची. काठी आपटली की मंडळी जरा सैल व्हायची, कुणीतरी खोकायचं आणि जेवणाचा वास नाकात शिरायचा.

थर्झाला त्या खुर्चीचं कधी काही वाटलं नव्हतं. तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली ती पुठ्ठ्याची घडी सारायची आणि पुढच्या कामाला लागायची.

२

त्या वर्षी टिलहिथचा प्रतिनिधी म्हणून थर्झाचा भाऊ सायलस निवडून आला. सायलसचं चौकात मटणाचं दुकान. मांसावरचं रेशनिंग उठून वर्ष झालं होतं, दुकान जोरात चाललं होतं, आणि गावाला त्याच्याशी गोड राहणं फायद्याचं होतं. बहीणभाऊ दोघंही बिनलग्नाची. आई गेली तेव्हा सायलस शाळेत होता. त्याला न्हाऊमाखू घालून मोठा केला तो थर्झानेच. तिचा सगळा जीव त्या एका माणसात होता. हे ती कुणाजवळ बोलायची नाही, त्याला मात्र दिवसभर बोलायची.

"थर्झे, कॉलर केवढी कडक केलीस गं! गळा कापला जाईल माझा."

"रोज दुसऱ्यांचे कापतोस ना? एक दिवस सोस."

"हे बघ, आज मी कोण आहे माहीत आहे का? टिलहिथ आहे मी टिलहिथ. अख्खं गाव."

"अख्ख्या गावाने जाताना बूट पुसून जावं," थर्झा म्हणाली.

सभा सुरू झाली तेव्हा ती मागच्या दाराशी उभी होती, हातात पाण्याचा जग. चोपदार बार्नबी हक्स्टेप. वय झालेलं, पण आवाज अजून बाजारात मेंढ्या विकणाऱ्याचा. त्याने टिलहिथला हाक दिली. सायलस उठला, "हजर" म्हणाला, बसला. कॉलरीत मान फिरवून बहिणीकडे बघून डोळा मिचकावला.

मग फॉल्सीची पाळी आली. फॉल्सीच्या माणसाची बस वाटेत पंक्चर झाली होती, असा निरोप आला होता. पहिली हाक, दुसरी हाक. तिसरी हाक अशीच गेली तर गावाची नाचक्की. म्हणून या गावांत एक शिष्टाचार होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांत असतो तसा. शेजारच्या गावाने उठायचं, "शेजाऱ्यातर्फे हजर" म्हणायचं आणि त्या गावाच्या खुर्चीत जाऊन बसायचं. त्यांचा माणूस आला, "मीच आलो" म्हणाला, की उठायचं आणि आपल्या जागी यायचं. सायलस टुणकन उठला, फॉल्सीतर्फे हजर झाला, त्यांच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि बसतो न बसतो तोच फॉल्सीचा माणूस घामाघूम होऊन दारात, "आलो, आलो, मीच आलो!" हशा पिकला. सायलस वाकून नमस्कार करत परत आला. चार लोक आपल्यामुळे हसले की या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

हाका पुढे सरकल्या. शेवटी बार्नबी भिंतीकडे वळला.

"मेरिंग!"

कुणी बोललं नाही.

"मेरिंग!"

खिडकीत एक माशी तडफडत होती. थर्झाच्या हातातल्या जगातलं पाणी हललं, म्हणून तिने दोन्ही हातांनी जग धरला.

"मेरिंग!"

बार्नबीची काठी वर गेली. आणि सायलस उठून म्हणाला, "शेजाऱ्यातर्फे हजर."

थट्टा नव्हती ती. तो नंतर शपथेवर म्हणाला, की जिभेला वळण पडलं होतं, समोर शांतता दिसली आणि तोंडातून निघून गेलं. थर्झाला ते पटलं. शेजारी गप्प राहिला तर आपण बोलायचं, हे त्या गावांत लहानपणापासून अंगात भिनलेलं होतं. पण हात दाखवून अवलक्षण व्हायचं ते झालं. दोघे-तिघे हसले आणि मध्येच थांबले. सभापती चष्म्यावरून बघत राहिले. कुणाला काय करावं सुचेना, आणि सायलसलाही सुचेना, तेव्हा त्याने जे रीतीप्रमाणे करायचं तेच केलं. भिंतीपाशी गेला, मेरिंगची खुर्ची दोन्ही हातांनी ओढत वळवली, टेबलाला लावली आणि बसला.

बार्नबीने काठी हळूच खाली टेकवली. आवाज झालाच नाही.

३

दोन-तीन दिवस गावात त्यावरून थट्टा चालली. "काय सायलस, मेरिंगला कसा आहे मटणाचा भाव?" "तिथे सगळे मासेच खातात रे, तुझं दुकान बुडालं." सायलस हसायचा, उलट टोले द्यायचा. त्याचं तोंड कुणी बंद करू शकलं नव्हतं.

थर्झाच्या लक्षात आलं ते दुसऱ्याच कशावरून. पिल्चरांचं घर ठेंगणं, एकमजली, दलदलीच्या सपाट जमिनीवर बांधलेलं. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना ना उंबरा, ना पायरी. सायलस आत आला तेव्हा त्याने दारात पाय उचलला. चांगला वीतभर. पायरी चढतो तसा. आणि आत येऊन बसला, पाव खायला लागला.

ती बघत राहिली. दुकानात उभं राहून गुडघा धरला असेल, असं म्हणाली मनाशी. जेवण झाल्यावर तो बाहेर जायला निघाला आणि त्याच दारात त्याने पाय जपून खाली टाकला.

"गुडघा दुखतोय का रे?"

"छे. का गं?"

"मग हे काय चाललंय पायाचं?"

त्याने खाली बघितलं. दाराकडे बघितलं. मग तिच्याकडे असं बघितलं, की म्हातारीला झालंय तरी काय. "अगं, पायरी आहे ना."

आता थर्झा काही भाबडी बाई नव्हती. भुतंखेतं, चांदण्यात दिसणाऱ्या बायका, हे तिने आयुष्यभर धुडकावून लावलेलं. तिला वाटलं डोक्यात रक्त साकळलं असेल, त्यांच्या मामाला झालं होतं तसं. तिने त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत दिवा धरला, एका रेषेवर चालून दाखवायला सांगितलं. सायलस चालला, पण किंचित मागे रेलून, उतारावरून उतरणारा माणूस चालतो तसा. डॉक्टर म्हणाले, प्रकृती घोड्यासारखी आहे, जरा दमलाय, समुद्राची हवा द्या.

"समुद्राची हवा," थर्झा बाहेर आल्यावर म्हणाली. "आग लागो त्याच्या हवेला."

४

मग ते वाढत गेलं. सायलस स्वयंपाकघरात टेबलाकडे सरळ येईनासा झाला. मध्ये काहीतरी मोठं ठेवलेलं असल्यासारखा वळसा घालून यायचा. बाहेरच्या दारात मान वाकवायचा. एकदा चहा पिऊन झाल्यावर त्याने कप हवेत ठेवला. कप खाली पडून फुटला. तो बोलता बोलता तुकड्यांवरून चालत गेला आणि त्याला काही कळलं नाही. थर्झाने तुकडे गोळा केले. बोट कापलं, तेव्हा तिला रडू फुटलं, आणि बोट कापलं म्हणून रडतेय असं तिने स्वतःला सांगितलं.

तो मात्र मजेत होता. याचंच तिला जास्त भय वाटायचं. पूर्वी कधी शीळ घालायचा नाही, आता घालायचा. बोलता बोलता म्हणायचा, "आज पाववाल्याकडे केवढी गर्दी," आणि टिलहिथचा पाववाला तर वसंतातच दुकान विकून मुलीकडे गेला होता. थर्झा विचारायची, कुठला पाववाला? तो हात करून दाखवायचा, खाली, उताराकडे. टिलहिथला उतार नावाची गोष्ट नाही. एखादी गोटी जमिनीवर ठेवली तर वर्षभर तिथेच राहील.

एके दिवशी चौकात आयव्ही बोनिफेस भेटली. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, दर शनिवारी सायलसकडून मेंढीची मान कापून घेणारी आणि सायलसची टर उडवणारी.

"थर्झा, नवा माणूस ठेवलात वाटतं दुकानात? मोठा गोड बोलतो हो. कुठला आहे?"

"कोण नवा? सायलस आहे दुकानात."

आयव्ही हसली. मग हसणं ओसरलं. कपाळाला आठ्या घालून ती दुकानाकडे बघायला लागली. "सायलस," ती म्हणाली. "हो, सायलस. अगं बाई, माझं डोकं!" आणि लगबगीने निघून गेली. पण जाताना तिने दोनदा मागे वळून बघितलं. थट्टा करणारी बाई मागे वळून बघत नाही, हे थर्झाला कळत होतं.

ती तशीच घरी आली. संध्याकाळी सायलस आला. दारात मान वाकवली, पाय उचलला, डोक्यावरची टोपी काढली आणि चुलीशेजारच्या भिंतीवर अडकवली. त्या भिंतीला खिळा नव्हता. कधीच नव्हता. थर्झा हात पुढे करून टोपी झेलायला धावली.

टोपी पडली नाही.

भिंतीवर लटकली, थोडी हलली आणि स्थिर झाली. सायलस हात धुवायला गेला. थर्झा टोपीच्या समोर उभी राहिली. तिला हात लावायचा होता, आणि हात वर होईना. सायलस परत आला, त्याने टोपी काढून घेतली आणि शेजारी बिलाचे पैसे आणायला गेला. मग तिने भिंतीवरून तळवा फिरवला. चुना होता, गार आणि गुळगुळीत. ती बराच वेळ चाचपत होती.

५

रविवारी जेवणानंतर सायलस म्हणाला, "जरा पडतो," आणि उठला. त्याची खोली स्वयंपाकघराच्या मागेच. थर्झा भांडी घासत होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, मेंढ्या ओरडत होत्या.

पाठीमागून पावलं ऐकू आली. लाकडावर पडणारी. एकेक पाऊल वर जात होतं. मधल्या एका ठिकाणी लाकूड कुरकुरलं, तिथे तो थांबला, तोल सावरला आणि पुन्हा वर गेला.

तिने पाण्यातून हात काढले. घराला जिना नाही. वर आढं, आढ्यावर कौलं, कौलांवर चिमण्या. मांजर असेल, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. मग ती सायलसच्या खोलीपाशी गेली आणि दार उघडलं.

पलंग रिकामा होता. चादर सकाळी तिने ओढली होती तशीच ताठ. खिडकी आतून लावलेली. आणि तिच्या डोक्यावर, जिथे फक्त कौलं होती तिथे, एक बूट काढून जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने दुसरा. मग पलंग कचकचला आणि तिच्या भावाने झोपण्याआधी टाकतो तसा लांब सुस्कारा टाकला.

थर्झाला वाटलं आता आपण किंचाळणार. पण किंचाळलं तर तो जागा होईल, आणि जागा झाला तर कुठे जागा होईल, हे तिला समजेना. तिने दार हळू ओढून घेतलं. ओले हात एप्रनला पुसायचेही राहून गेले. ती तशीच बार्नबी हक्स्टेपकडे गेली.

६

बार्नबी बागेत कांदे उपटत होता. तिने सगळं सांगितलं. पायरी, टोपी, बूट. तो मध्ये एकदाही "काहीतरीच काय" म्हणाला नाही.

"मी काठी आपटायला हवी होती गं," तो म्हणाला. "हा बोलला तरी आपटायला हवी होती. हात वर गेला होता माझा. पण रीत अशी, की कुणी हजर म्हटलं तर काठी आपटायची नाही. मी रीत पाळली. म्हातारपणी अक्कल गहाण पडते ती अशी."

"काका, त्याला परत आणायचा कसा, ते सांगा."

"फॉल्सीच्या खुर्चीतून तो कसा उठला? त्यांचा माणूस आला, मीच आलो म्हणाला. ज्याचं गाव त्याने यायचं, तेव्हाच शेजारी सुटतो."

"मेरिंगचं आता कोण येणार?"

बार्नबीने कांद्याची माती झटकली. "त्याला सभागृहात घेऊन ये. आपण टिलहिथला हाक मारू. माणूस कितीही लांब गेला तरी स्वतःच्या गावाची हाक ओळखतो. निदान मला तरी असं वाटतं."

"आणि नाही ओळखली तर?"

"आधीच अपशकुन करू नकोस."

७

दुसऱ्या दिवशी सायलस एका शब्दात आला. सभागृहात जायचंय म्हटल्यावर कॉलर लावायला गेला, तीच कडक कॉलर. दुपारची वेळ. खुर्च्या सभेनंतर तशाच राहिल्या होत्या. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं आणि हिरव्या कापडाखाली टेबल लांबच लांब दिसत होतं. थर्झाने टिलहिथची खुर्ची ओढून दिली. सायलस त्या खुर्चीच्या बाजूने पुढे गेला आणि मेरिंगच्या खुर्चीत बसला. खुर्ची जराही डगमगली नाही, आणि खाली पुठ्ठा नव्हता.

बार्नबीने झगा घातला होता. काठी हातात होती, आवाज तोच.

"टिलहिथ!"

सायलसने सभ्यपणे मान वर केली. इकडे तिकडे बघितलं.

"टिलहिथ!"

"सायलस," थर्झा त्याच्या कानाशी म्हणाली. "अरे, तुला हाक मारताहेत. आपल्या गावाला. बोल ना रे. बोल ना माझ्या राजा."

सायलसने ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं, सभेत बोलणाऱ्या बाईला करावं तसं. त्याची नजर टिलहिथच्या रिकाम्या खुर्चीवर होती, आणि चेहऱ्यावर खरंखुरं वाईट वाटल्याचा भाव होता.

"टिलहिथ!"

सायलस उठला. झग्याची बाही सारखी केली. "शेजाऱ्यातर्फे हजर," तो म्हणाला.

बार्नबीच्या तोंडचा रंगच उडाला. सायलस मात्र समजुतीने म्हणाला, "होतं असं. लांबचं गाव. बसबिस चुकली असेल बिचाऱ्यांची." तो पुन्हा खाली टेकला.

थर्झा भिंतीला टेकली. आता पुढे काय होणार ते तिला स्वच्छ दिसत होतं. आज टोपी, उद्या तो. एक दिवस वर झोपायला जाईल आणि खाली येणारच नाही. आणि आपण दोन ताटं वाढायचं विसरू, आयव्ही बोनिफेससारख्या चौकात उभ्या राहून आठवायला बघू की आपल्याला कोणी होतं का.

"काका," ती म्हणाली. "आता मेरिंगला हाक मारा."

"वेडी आहेस का?"

"त्यांचा माणूस आला की हा सुटतो. तुम्हीच म्हणालात."

"अगं, पण तुला तिथलं काय माहीत? कोण, कुठलं, काही माहीत नाही."

"याला तरी कुठे माहीत होतं? मारा म्हणते ना हाक! का मीच मारू?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने तीनदा हाक मारली. शेवटची जवळजवळ ऐकूच आली नाही.

"मीच आले," थर्झा म्हणाली. "मेरिंगची. मी स्वतः हजर."

सायलस तत्काळ उठला. "बसा, बसा, तुमचीच खुर्ची," असं म्हणत त्याने तिला जागा दिली आणि स्वतः कशालाही वळसा न घालता सरळ टिलहिथच्या खुर्चीकडे गेला. ती बसली. क्षणभर तिला वाटलं, काहीच झालं नाही. मग समोरच्या भिंतीत जिना दिसला. पायांनी झिजून गुळगुळीत झालेला, वर अंधारात जाणारा. त्यावर माणसं उभी होती. गुडघ्यापर्यंतचीच दिसत होती, वरचं तुळईमागे. पाय एकेक करून बाजूला सरकत होते, नव्या माणसाला वाट द्यायला सरकतात तसे.

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा भिंत होती.

"आयला!" सायलस म्हणत होता. "बार्नबीकाका, किती वाजले? दुकान उघडं टाकून मी इथे काय करतोय? आणि ही कॉलर कुणी घातली मला, गळा कापून टाकलाय पार!"

थर्झाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सुटला. सुटला तिचा भाऊ. "सायलस," ती म्हणाली, "सायलस, अरे—"

तो वळला. तिच्याकडे बघितलं, आणि अदबीने मान लववली.

"माफ करा हं बाई, माझं लक्ष नव्हतं. काका, या कोण?"

बार्नबीने तोंड उघडलं. थर्झाने त्याच्या डोळ्यांत बघितलं; तो तिचं नाव शोधत होता, अगदी मनापासून शोधत होता, आणि त्याला सापडत नव्हतं.

"मेरिंगच्या आहेत," शेवटी तो म्हणाला.

८

सायलसने तिला चहाला बोलावलं. पाहुण्याला रिकाम्या तोंडी पाठवायचं नाही, हे त्याला थर्झानेच लहानपणी मारून मारून शिकवलं होतं.

"घर जवळच आहे," तो चालता चालता सांगत होता, सरळ ताठ, सपाट रस्त्यावर चालावं तसा. "माझी बहीण आहे घरी, ती करेल चहा. तोंडाने जरा फटकळ आहे, मनावर घेऊ नका. पण तिच्यावाचून माझं पान हलत नाही. तिला काही मी हे सांगत नाही, नाहीतर डोक्यावर बसेल."

थर्झा त्याच्या मागून चालत होती. रस्ता तिला उतरता लागत होता. प्रत्येक पाऊल रोखून टाकावं लागत होतं. तिला म्हणायचं होतं, की मला माहीत आहे रे, तू सांगितलं नाहीस तरी मला सगळं माहीत होतं. पण परक्या बाईने असं कसं बोलायचं?

दार बंद होतं. सभागृहात निघताना तिनेच कुलूप लावलं होतं, आणि किल्ली अजून तिच्या खिशात होती. हाताला लागत होती. पण दाराला कुलूप नव्हतं. सायलसने दार ढकललं. आतून कडी होती.

"थर्झे!" त्याने हाक मारली. "पाहुण्या आल्यात गं!"

थर्झाने सगळा श्वास गोळा केला. अरे, मी इथे आहे, तुझ्या मागे. ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"मागच्या अंगणात असेल," तो तिला म्हणाला आणि दारावर थाप मारली. "थर्झे!"

तिने हात पुढे केला, त्याच्या बाहीला धरायला. बाही बोटांच्या अगदी जवळ होती. हात जड झाला होता, पाण्यातून हलवावा तसा. बोल, ती स्वतःला म्हणाली, मेले बोल, तुझंच नाव आहे.

"अगं थर्झे!"

तिसरी हाकही रिकामी गेली, आणि घरात काहीतरी हललं. कुणीतरी चुलीवरचं भांडं बाजूला केलं, हात झटकले, आणि दाराकडे यायला लागलं.

"आले रे, आले," आतून थर्झाचा आवाज म्हणाला. "ओरडतोस कशाला? बहिरी आहे का मी?"

सायलस पाहुण्या बाईकडे बघून हसला. "म्हटलं नव्हतं, फटकळ आहे?"

आतून कडी निघाली.